मांजर तुमचीच आहे

अरान, तीर महिना, ११ तारीख, दुपार

प्रिय आझरताई,

सलाम. तुमची सावली आम्हा सगळ्यांवर अशीच राहो. हूशंग भावजींना माझा आणि नुसरतचा सलाम, नीलूफरला प्रेम, मानीच्या दोन्ही गालांचे पापे. तुझा गुडघा कसा आहे? रश्तच्या पावसात तो ठणकतो आणि तू त्याला लोकरीचा पट्टा बांधतेस, असं नीलूफर सांगत होती. इथे पाऊस नाही, त्यामुळे सगळ्यांचे सांधे ठीक आहेत आणि डोकी तापलेली आहेत. माझ्या सासूबाई, बीबी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ठणठणीत आहेत. फक्त मोतीबिंदूमुळे त्यांना माणसं आवाजावरून आणि वस्तू हातानं चाचपून ओळखाव्या लागतात. (हे लक्षात ठेव, पुढे लागेल.)

तीन महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागते. उजव्या हाताच्या तर्जनीला विंचू चावला, त्यामुळे पेन धरता येत नव्हतं. (हे वाक्य लिहिलं आणि थांबले. विंचू चावला तो नऊ दिवसांपूर्वी. त्याआधीचे ऐंशी दिवस बोटाला काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे हे कारण खोडायला हवं. पण खोडलं तर कागद घाण दिसेल आणि विंचू चावला हे तर खरंच आहे, म्हणून राहू देते.) पत्र आत्ता लिहायला घेतलं त्याचं खरं कारण पुढे येईल. जरा उशिरा येईल, कारण ते सांगायची मला भीती वाटते.

वीस तारखेला नीलूफर मानीला घेऊन आमच्याकडे येणार हे तुला माहीतच आहे. जावई तीन आठवडे इस्फहानला कामावर असतील, तोवर मायलेक इथे राहतील. तिचा फोन आला तेव्हा ती म्हणाली होती, “मावशी, तुला त्रास तर नाही ना होणार?” आणि मी म्हटलं, “घर तुझंच आहे, महिनाभर राहा.” या वाक्यातला प्रत्येक शब्द मी मनापासून बोलले. माझ्या तोंडून असं क्वचित होतं, म्हणून मुद्दाम नोंदवते. बीबींच्या लेकानं, नुसरतनं, अंगणाकडच्या खोलीला स्वतः चुना दिला. मी छोटी गादी शिवली, दुलईवर बदकं भरली. पाच बदकं. पाचव्याची मान वाकडी आली आहे. बीबी रोज विचारतात, “आज कितवी तारीख?” आणि मी सांगितलं की बोटांवर मोजतात. ताई, या घरात एकोणीस वर्षांत विंचवांशिवाय कोणीही रांगलेलं नाही. आता एक अकरा महिन्यांचं माणूस रांगणार, आणि नीलूफर म्हणते, ते जमिनीवर जे दिसेल ते उचलून थेट तोंडात घालतं.

तेव्हापासून मला झोप नाही.

तू आमच्याकडे फक्त लग्नाला आलीस, तेही थंडीत. म्हणून तुला आमचा उन्हाळा माहीत नाही. ऊन तापलं की विंचू सावलीला येतात, आणि वाळवंटाच्या कडेला सावली म्हणजे आमचं घर. मोरीतून येतात, भिंतीच्या भेगेतून येतात, सरपणातून येतात. घडी घातलेला टॉवेल त्यांना फार आवडतो. आम्ही बूट झटकून घालतो, गाद्या झटकून घालतो, पलंगाचे पाय काचेच्या बरण्यांत उभे करतो (काचेवर त्यांना चढता येत नाही), आणि एवढं करून निर्धास्त असायचो, ते आमच्या मांजरीमुळे, जिरेमुळे. तू तिला तुझ्या नणंदेकडे, तलअत खानुमकडे, पाहिलं असशीलच. जिऱ्याच्या रंगाची, किडकिडीत, एक कान फाटलेला, दिसायला अगदी सामान्य. पण ताई, ते मांजर म्हणजे या घराची चौथी भिंत होतं. रोज पहाटे ती प्रत्येक चप्पल पंजानं उलटी करायची, धुतलेल्या कपड्यांची चळत ओढून खाली पाडायची, मोरीच्या तोंडाशी बसायची. विंचू दिसला की आधी एक फटका, नांगीवर. मग दुसरा. मग मेलेला विंचू दाराबाहेर नेऊन ठेवायची आणि पाय चाटायची. सहा उन्हाळ्यांत आमच्या घरात कोणालाही विंचू चावला नाही.

आणि ती मी देऊन टाकली.

तलअत खानुमनी तुला सांगितलं असेल की शुकूफेनं हट्टानं दिली. ते खरं आहे. पण हट्ट कसा झाला ते त्यांना ठाऊक नाही. त्या गुलाबाच्या मोसमात आल्या, तीन दिवस राहिल्या, गुलाबपाण्याच्या बाटल्या भरल्या. निघायच्या दिवशी हौदाच्या काठावर चहा घेताना आमचा दुसरा बोका, पश्मक, त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. पश्मक म्हणजे जिरेचा मुलगा. मिठाईचं नाव दिलं आणि तो मिठाईसारखाच निघाला, पांढरा, फुगलेला आणि आत काही नाही. त्या म्हणाल्या, “काय गोड आहे हो!” मी लगेच म्हटलं, “तुमचाच आहे, घेऊन जा.” त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. त्या पुन्हा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा नको. रीत पुरी झाली, दोन्ही घरांची अब्रू राहिली. इथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण मला मनातून लाज वाटली. कारण पश्मक जावा असं मला खरंच वाटत होतं. नको असलेली वस्तू पाहुण्यांच्या गळ्यात बांधायला बघायचं आणि त्याला पाहुणचार म्हणायचं, हे काही बरोबर नाही. द्यायचं तर जिवापाड जपलेलं द्यावं. असा विचार करून, केवळ माझं मन स्वच्छ व्हावं म्हणून, मी म्हटलं, “मग निदान जिरेला तरी घेऊन जा. ती तुमचीच आहे.” तलअत खानुम म्हणाल्या, “छे छे, असं कसं?” मी दुसऱ्यांदा म्हटलं. त्या म्हणाल्या, “नाही हो, तुमच्या घरची बरकत ती.” मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि सांगते तुला, माझं मन इतकं स्वच्छ झालं होतं की मला जवळजवळ हसू फुटत होतं. आणि त्या म्हणाल्या, “आता एवढं म्हणता आहात तर नाही म्हणून तुमचं मन मोडणं पाप होईल.” अर्ध्या तासात जिरे फळांच्या टोपलीत बसून रश्तला निघाली. टोपलीच्या फटीतून तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल डायरीत दोन पानं लिहिली आहेत, तुला त्रास देत नाही.

त्या दिवशी नुसरतनं जिरेची रिकामी वाटी धुऊन पालथी घातली. मग म्हणाला, “उद्या मलाही देऊन टाकशील.”

मी म्हटलं, “तुझं कौतुक करतंय कोण?”

एवढ्यावर आम्ही हसलो, ताई. ते शेवटचं हसणं. कारण आईच्या मागे आता पश्मकनं घर ताब्यात घेतलं आहे, आणि त्याला विंचू मारता येत नाही. त्याला विंचू आणता येतो. बाहेरून उचलून आणतो (कसा उचलतो ते मी सायन्सची शिक्षिका असूनही मला कळलेलं नाही), जिवंत आणतो, घरातल्या सर्वांत मऊ जागी ठेवतो आणि शाबासकीसाठी तोंडाकडे बघत बसतो. पहिला नुसरतच्या उशीवर. दुसरा बीबींच्या नमाजाच्या चटईवर. बीबी ओरडल्या नाहीत, चटई बाजूला ओढली आणि म्हणाल्या, “तू थांब, माझं आधी होऊ दे.” तिसरा त्यानं दोन तीरला आणला, दुपारी, सगळे झोपून उठायच्या वेळेला, बदकांच्या दुलईवर.

पिवळा होता, माझ्या करंगळीएवढा, आणि वाकड्या मानेच्या बदकाशेजारी स्वस्थ बसला होता. मी चहाचा रिकामा पेला हातात घेऊन आले होते. तोच त्याच्यावर पालथा घातला. पेल्याची कंबर बारीक, विंचू खालच्या भागात गोल फिरायला लागला, नांगी काचेला टक्‌ टक्‌ वाजत होती. आता खालून पुठ्ठा सरकवायचा, उचलायचं, बाहेर न्यायचं. पुठ्ठा कोठीच्या खोलीत. मी धावत गेले. परत आले तेव्हा बीबी गादीशेजारी बसलेल्या, हात दुलईवरून फिरतोय, बदकं चाचपताहेत, आणि पुटपुटताहेत, “पोराच्या गादीवर चहाचे पेले! काय ही सून, शिकली म्हणे कॉलेजात.”

मी ओरडले, “बीबी, पेल्याला हात लावू नका!”

“का गं? सोन्याचा आहे?” म्हणाल्या आणि उचलला.

विंचू त्यांच्या मनगटाकडे गेला नाही, दुलईच्या घडीत शिरला. बीबींचा दुसरा हात त्याच घडीत होता. मी दुलई ओढली. एवढंच केलं, दुसरं काही सुचलं नाही. तापलेली सुई बोटातून खांद्यापर्यंत ओढावी तसं झालं. दुलई अंगणात पडली, नुसरतनं दगड घातला. पाचव्या बदकाची मान आता सरळ करून चालणार नाही, ते बदकच नवीन भरावं लागेल. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, जीभ जड झाली, हात सहा तास माझा नव्हता. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, “मोठ्या माणसाला काळजी नाही, बाई. लहान मूल असतं, तर...” आणि औषधाच्या चिठ्ठीकडे बघत बसला. मला त्याचं वाक्य पुरं करायची सवय लागली आहे. रोज करते.

आता एक गोष्ट, जी तुला पोरकट वाटेल. मी नवी नवरी म्हणून या उंबऱ्यावर उभी राहिले, तेव्हा बीबींनी मला एक वाक्य शिकवलं होतं. घरात शिरताना आणि अंथरुणाला टेकताना मोठ्यानं म्हणायचं, “मी परकी आहे.” इथला विंचू परक्याला चावत नाही, अशी समजूत आहे. पाहुणे सगळे म्हणतात. मी एकोणीस वर्षं म्हणत आले. हल्ली मात्र म्हणताना अडखळत होते. एकोणीस वर्षं ज्या गावच्या पोरींना शिकवलं, ज्या अंगणात डाळिंब लावलं, तिथे स्वतःला परकी म्हणायचं आणि तेही विंचवाच्या भीतीनं? हे खोटं नाही का? आणि खोटं नसेल, तर ते जास्त वाईट नाही का? त्या दिवशी दुलई ओढताना मी ते म्हटलं नाही. विसरले की मुद्दाम म्हटलं नाही, हे मी नऊ दिवस ठरवते आहे.

दवाखान्यातून घरी आणलं तर बीबी दारातच उभ्या. हसत होत्या! शेजारणींना हाका मारून सांगत होत्या, “आमच्या सुनेला विंचू चावला! मुबारक! आता ही इथलीच झाली!” एक शेजारीण खरंच मिठाई घेऊन आली. मी सुजलेल्या हातानं तिचे आभार मानले आणि वर म्हटलं, “कशाला एवढी तसदी घेतलीत?” रात्रभर उशी भिजवली, दुखत होतं म्हणून, आणि थोडी दुसऱ्याही कारणानं.

पण मानीला तर अजून बोलताच येत नाही. तो परका आहे हे विंचवाला सांगणार कोण? हे मी बीबींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी सांगेन. दिवसभर सांगत बसेन. मला दुसरं काम काय आहे?” आणि खरंच सांगतील. पण बीबींना विंचू दिसत नाही, आणि विंचवाला बीबी ऐकू येतात की नाही मला माहीत नाही.

आता खरं कारण, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. मागच्या आठवड्यात तलअत खानुमचा फोन आला होता. म्हणाल्या, “शुकूफेजान, तुमची जिरे फार शिस्तीची हो. रोज पहाटे घरातल्या सगळ्या चपला उलट्या करते. आमच्या यजमानांच्या बुटात तर अख्खी शिरते. कपड्यांच्या घड्या करून ठेवल्या की खाली ओढते. चोर शिरला असता तर त्यानंही एवढी झडती घेतली नसती. बिचारी तुमच्यासाठी झुरत असेल. पाठवून देऊ का?”

नुसरत समोर उभा राहून दोन्ही हातांनी “हो म्हण, हो म्हण” अशा खुणा करत होता. आणि माझं तोंड म्हणालं, “अहो काय बोलता! जिरे तुमचीच आहे.” त्या म्हणाल्या, “नाही, खरंच पाठवते.” माझं तोंड म्हणालं, “तुमच्याकडे तिचं नशीब उजळलं.” त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, जरा घाईनं म्हणाल्या असं आता वाटतं. आणि मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. फोन ठेवला. नुसरत तिथेच जमिनीवर बसला. मी सुजल्या बोटाकडे बघत राहिले. त्या खरंच म्हणत होत्या की रीतीनं, ते मला कळलं नाही, आणि मी खरंच नाही म्हणत नव्हते हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. रीतीप्रमाणे आता त्यांनी पुन्हा विचारायचं नाही आणि मी मागायचं नाही. एक मांजर चपलांची झडती घेते आहे अशा गावात, जिथे चपलेत फार तर गोगलगाय निघेल, आणि इथे पाच बदकं.

फोनवर हे मी तुला सांगू शकले नसते. फोनवर माझं तोंड आपलं आपण बोलतं. कागदावर निदान हात माझा आहे, तोही आता कुठे परत मिळाला आहे.

तर ताई, तू मानीची आजी आहेस, तुला सगळं माहीत असायला हवं, म्हणून लिहिलं. आम्ही मोरीला जाळी बसवली, भेगा बुजवल्या, पाळण्याचे पाय बरण्यांत ठेवले. पण मूल पाळण्यात राहत नाही, जमिनीवर येतं. हे वाचून तुला वाटलं की त्यांना पाठवू नये, तर अजिबात संकोच करू नकोस. मला वाईट वाटणार नाही. नुसरतलाही नाही. बीबींना मी काहीतरी सांगेन. नीलूफर थंडीत येईल, मानी तोवर चालायला लागेल, काय बिघडलं?

हूशंग भावजींना पुन्हा सलाम. गुडघ्याला जप.

तुझी,
शुकूफे

ता. क. वीस तारखेच्या आत तलअत खानुमकडे चहाला जा. माझं नाव काढू नकोस. जिरे दिसली की तिचं कौतुक कर, शेपटीचं करू नकोस, ती शेपटी कोणालाही पटणार नाही, डोळ्यांचं कर. त्या म्हणतील, “तुमचीच आहे, घेऊन जा.” तू नको म्हण. पुन्हा म्हणतील, पुन्हा नको म्हण, पण हळू. तिसऱ्यांदा म्हणाल्या की, आझरताई, तुला आईची शपथ, हो म्हण. नीलूफरबरोबर गाडीत टोपली ठेवून दे.

ता. क. दुसरा. त्यांनी पहिल्याच वेळी टोपली आणून पुढे ठेवली तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस आणि मध्ये रीत आणू नकोस. चहा अर्धा टाकून नीघ.

ता. क. तिसरा. वर लिहिलं आहे की ते आले नाहीत तर मला वाईट वाटणार नाही. ते रीतीनं लिहिलं. कागदावरही सुटत नाही, बघ. ते वाक्य खोडायचं होतं, पण पत्र मांडीवर घेऊन बसले होते आणि शाई वाळायच्या आत पश्मक त्यावरून गेला. पंजाचे ठसे दिसतील. नीलूफरला हा बोका आवडला तर “तुझाच आहे” असं मी एकदाच म्हणणार आहे, आणि मनापासून.

उद्याचं काम: तुला फोन करून “पत्र येतंय, फार मनावर घेऊ नकोस” असं म्हणायचं नाही.